शेडमागच्या कॉम्प्रेसरचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कुठल्याही फाउंड्रीत वीजबिलाचा विषय काढा, बोट भट्टीकडेच जातं. ते रास्तही आहे. एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन भट्टी साधारण 600 युनिट घेते. पण भट्टीवर सगळ्यांचा डोळा असतो. हीट किती वेळात निघाली हे मिस्त्री तोंडपाठ सांगतो. शेडमागे पत्र्याखाली धडधडणाऱ्या एअर कॉम्प्रेसरचा हिशेब मात्र कुणापाशी नसतो, कारण बिल अख्ख्या कारखान्याचं एकच येतं.

तो हिशेब मांडणारा मीटर तळहाताएवढा असतो. पॅनेलमधल्या तिन्ही फेजच्या केबलींभोवती सीटीच्या, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरच्या, कड्या बसवल्या आणि व्होल्टेजच्या तारा जोडल्या, की व्होल्टेज, करंट आणि पॉवर फॅक्टर मोजून तो मिनिटामिनिटाची वीज नोंदवतो.

त्यातून निघालेला आलेख पाहण्यासारखा असतो. 37 किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर हवा भरताना रेषा वर असते. टाकी भरली की तो 'अनलोड' होतो. मोटर तरीही फिरतच राहते आणि पूर्ण भाराचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे 12 किलोवॉट, ओढत राहते. दिवसाचे 10 तास असे गेले तर 120 युनिट, 300 दिवसांत 36,000. आपली बरीचशी वीज अजून कोळशाची. युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर हवा जराही न भरता वर्षाला 25 टन!

जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडर आणि मोल्डिंग बंद असूनही रेषा पुन्हापुन्हा वर जात असेल, तर हवा गळते आहे. 7 बार दाबाला 3 मिलिमीटरच्या भोकातून जवळपास 3 किलोवॉट वाया जातात. म्हणून हा आलेख मालकाच्या केबिनमध्येच राहू नये. ज्याच्या हातात पाना आहे त्या फिटरला तो रोज दिसला पाहिजे.

2001च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ठरावीक मोठ्या उद्योगांना ऊर्जा लेखापरीक्षणाच्या चौकटीत आणलं. छोट्या फाउंड्रीवाल्याला स्वतःच सुरुवात करावी लागते, आणि त्यासाठी मीटर येईपर्यंत थांबायची गरज नाही. येत्या सुट्टीला सगळी यंत्रं बंद ठेवून एकटा कॉम्प्रेसर चालवा. लोड किती सेकंद, अनलोड किती सेकंद, अशा पाच-सहा फेऱ्या घड्याळ लावून लिहून काढा. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागा. तुमच्या कॉम्प्रेसरची तेवढी हवा गळतीत जाते आहे.