रुग्णालयातील कचरा आणि उष्णता

रोगी बरा होऊन घरी जातो; परंतु त्याच्या जखमेवरील पट्टी, त्याला टोचलेली सुई, रक्ताची नळी या वस्तू मागे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतून निघणाऱ्या कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा घरगुती कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो. धोका असतो तो उरलेल्या १५ टक्क्यांत. दोन्ही एकत्र मिसळले, की मात्र सर्वच कचरा धोक्याचा ठरतो. उकिरड्यावर कागद-काच वेचणाऱ्याच्या बोटात वापरलेली सुई शिरली, तर तिच्यावाटे यकृतदाहाचे विषाणू त्याच्या रक्तात उतरू शकतात.

हे जंतू नष्ट करण्याचे खात्रीचे साधन म्हणजे उष्णता. अंडे उकडले असता त्यातील पांढरा भाग जसा गोठतो, तशी जंतूंमधील प्रथिने उष्णतेने बिघडतात व जंतू मरतात. परंतु काही जीवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. पाणी बंद पात्रात दाबाखाली तापविले, तर वाफेचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. या तत्त्वावरील ऑटोक्लेव्ह हे यंत्र फ्रान्समध्ये शार्ल शांबरलां याने १८७९ साली तयार केले. आज साध्या ऑटोक्लेव्हमध्ये कचरा १२१ अंशांवर किमान ६० मिनिटे, अथवा १३५ अंशांवर ४५ मिनिटे ठेवतात. काम नीट झाले की नाही, हे उष्णतेस चिवट अशा बीजाणूंची कुपी आत ठेवून तपासतात. ते मेले, तर इतर जंतू वाचण्याची भीती नाही. अशा रीतीने निर्जंतुक झालेले प्लॅस्टिक तुकडे करून पुन्हा उपयोगात आणता येते.

शरीराचे अवयव व रक्ताने भरलेल्या पट्ट्या यांसाठी भट्टी लागते. तिचे दोन कक्ष असतात. पहिल्यात सुमारे ८०० अंशांवर कचरा जळतो. त्यातून निघणारे वायू दुसऱ्यात सुमारे १,०५० अंशांवर किमान दोन सेकंद राहतात, म्हणजे अर्धवट जळलेले काही उरत नाही. येथे एक नवे संकट मात्र संभवते. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक जळताना डायॉक्सिन व फ्युरान ही विषे निर्माण होतात. भारतातील नियमांनुसार एक घनमीटर धुरात त्यांची मर्यादा ग्रॅमच्या एक अब्जांश भागाचाही दशांश, इतकी अल्प आहे. म्हणूनच क्लोरीनयुक्त पिशव्यांना मनाई आहे.

तिसरी रीत प्राणवायूवाचून विघटन करण्याची. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेने विकसित केलेल्या यंत्रात विद्युत्‌-ज्योतीच्या प्रखर उष्णतेने कचऱ्यातील रेणू फुटतात व हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड यांसारखे ज्वलनशील वायू मिळतात. ते पुढील कक्षात जाळून टाकतात. या रीतीस वीज पुष्कळ लागते.

कोणत्या वस्तूस कोणती उष्णता, याचा निर्णय मात्र रोग्याच्या खाटेजवळच होतो. भारतात २०१६ च्या नियमांप्रमाणे भट्टीत जाणारा कचरा पिवळ्या पिशवीत, वाफेकडे जाणारे प्लॅस्टिक लाल पिशवीत आणि सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकावयाच्या असतात. लाल पिशवीतील नळी चुकून पिवळ्या पिशवीत पडली, तर तिचा विषारी धूर होऊ शकतो. आणि सुई साध्या कचऱ्यात पडली, तर ती उकिरड्यावरील त्या बोटापर्यंत पोहोचते.