सेवेने विश्वास कसा वाढतो?

मागचं व्याख्यान संपल्यावर एका तरुणाने आम्हाला गाठलं. म्हणाला, "सर, आम्ही चर्चमधली बारा-पंधरा मुलं दरवर्षी आठ दिवस मिशन ट्रिपला एका वाडीवर जातो. शाळेच्या भिंती रंगवतो, औषधं वाटतो, मुलांना शिकवतो. परतताना प्रत्येक जण म्हणतो, माझा विश्वास वाढला. पण गरिबांच्या जिवावर आमचा विश्वास वाढावा, हे बरं आहे का?" प्रश्न मोठा प्रामाणिक आहे. आज त्याच्याविषयीच बोलू.

आधी 'विश्वास' हा शब्द बघू. मराठीत विश्वास बसतो, विश्वास ठेवतात, आणि विश्वास टाकतात. तिन्ही क्रियापदं वेगळी आहेत. पटलं की बसतो. तिथे काम बुद्धीचं असतं. ठेवायला निश्चय लागतो. टाकायचा म्हणजे मात्र आपला भार दुसऱ्यावर सोपवायचा. पूल मजबूत आहे असं काठावरून म्हणणं वेगळं आणि त्यावर पाऊल टाकणं वेगळं. ख्रिस्ती धर्मात ज्याला विश्वास म्हणतात तो शेवटी या तिसऱ्या प्रकारचा आहे. म्हणूनच याकोबाच्या पत्रात कृतीवाचूनच्या विश्वासाला मेलेला म्हटलं आहे.

आता आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ, पंडिता रमाबाईंचं. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅम इथे चालवलेलं काम त्यांनी पाहिलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळत होते. रमाबाईंना आश्चर्य वाटलं. हे का करता, असं विचारल्यावर भगिनींनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखवली. म्हणजे क्रम लक्षात घ्या: आधी सेवा दिसली, मग वचन कळलं. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा विश्वास बसला होता.

पण गोष्ट इथे संपत नाही. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्यात नेलं. या काळाबद्दल रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळालेला नव्हता. केवढी स्पष्ट कबुली!

मग 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली उपाशी मरत होत्या, काहींना त्याहून वाईट हातांत पडायची वेळ आली होती. रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळातच आईवडील आणि थोरली बहीण गमावली होती. त्यामुळे ही भूक त्यांना परकी नव्हती. शारदा सदनला अमेरिकेतून मदत येत होती, पण ती ठरलेल्या कामाची. शेकडो नव्या मुलींना पोसायला हातात पैसा नव्हता. तरी त्या गेल्या. सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. केडगावच्या जमिनीवर मुक्ती मिशन उभं राहिलं. विहिरी खणल्या, शेती झाली, मुली विणकाम, छपाई शिकल्या. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आता विश्वास 'टाकला' गेला. उद्याच्या धान्याची खात्री नसताना रोजची भाकर मागणारी प्रार्थना अलंकारिक राहत नाही.

यावर आक्षेप आहे, आणि तो बाजूला सारून चालणार नाही. 1893 मध्ये धर्मांतराच्या वादावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर शारदा सदनच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सेवा करणाऱ्याचा हेतू तपासला जाणारच, तपासला जावाही. कांट सांगतो, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका. मग धर्मासाठी वापरू नये, तसंच स्वतःच्या विश्वासाची वाढ व्हावी म्हणूनही वापरू नये. आमच्या तरुण मित्राची शंका हीच आहे.

तिचं उत्तर मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात सापडतं. तिथे न्यायाच्या दिवसाचं चित्र आहे. ज्यांनी भुकेल्याला खाऊ घातलं, त्यांना आपण हे कोणासाठी केलं याचा पत्ताच नव्हता. ते चकित होऊन विचारतात, आम्ही हे कधी केलं? त्यांची नजर भुकेल्याकडे होती, स्वतःच्या विश्वासाकडे नव्हती. आणि दुसरं बघा, त्या चित्रात ख्रिस्त भुकेल्याच्या जागी आहे. तो आपल्या पिशवीत बसून वाडीवर येत नाही. आपण पोचायच्या आधी तो तिथे असतो.

आमचा स्वतःचा धडा सांगतो. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. काही दिवसांनी आम्ही मंडळीतली माणसं घोंगड्या घेऊन त्या भागात गेलो. गावात घोंगड्यांचे ढीग आधीच पडले होते. लोकांना हवे होते ते अर्ज लिहून देणारे हात, कारण कागदपत्रं दगडमातीखाली गेलेली. मग तीन दिवस अर्ज लिहिले. मयताचं नाव, वय, अर्जदाराशी नातं. एक म्हातारी नावं सांगत होती, पाचव्या नावाशी थांबली. आम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, दुःखाच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं शिकवलेलं. तोंडातून एक शब्द निघाला नाही. तिनेच विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस का रे?"

त्या रात्री प्रार्थनेत 'गरिबांना सांभाळ' असं म्हणवेना. नावं घेऊनच मागणं आलं. आपण काही दिलं म्हणून विश्वास वाढला नाही. देणारा म्हणून जी उंच जागा धरली होती ती सुटली, म्हणून वाढला.

तेव्हा त्या मित्राला आमचं सांगणं एवढंच: वाडीवर जरूर जा. पण काय न्यायचं ते तिथल्यांना विचारून ठरवा, आणि पुढच्या वर्षी त्याच वाडीवर जा. परतल्यावर विश्वास किती वाढला हे मोजू नका. तिथल्या किती जणांची नावं आठवतात, ते बघा.