उपाशी वाफ्याची राखण

वऱ्हाडातील बदलत्या शेतीवर लिहावे, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर १९८८ सालापासून चालत आलेला ज्वारी-गव्हाचा दीर्घकालीन खत प्रयोग पाहिल्यावाचून लेखणी उचलू नये, असे मनाने घेतले. या प्रयोगाची वंशपरंपरा मोठी आहे. इंग्लंडात रॉथमस्टेडच्या ब्रॉडबॉक शेतात लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ साली गव्हावर असाच प्रयोग आरंभिला. आपल्याकडे कोइमतूरला तो १९०९ साली सुरू झाला, आणि १९७० साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने अकरा केंद्रांवर त्याची अखिल भारतीय तजवीज केली. अकोला या योजनेत मागाहून आले.

खरिपात ज्वारी, रब्बीत ओलिताचा गहू, आणि बारा प्रकारच्या खतमात्रा, असा येथील शिरस्ता आहे. शिफारशीची पूर्ण मात्रा म्हणजे ज्वारीला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ४० किलो पालाश, आणि गव्हाला अनुक्रमे १२०, ६० व ६०. कोणाला ती पुरी मिळते, कोणाला निम्मी, कोणाला दीडपट; एकाला नुसते नत्र, एकाला नुसते शेणखत; आणि एका वाफ्याला काहीच नाही. प्रत्येक वाफ्याचे खत स्वतंत्र तोलून चिठ्ठीबरहुकूम पिशवीत भरणारा मुकादम पेरणीच्या दिवशी चिठ्ठी आणि खुंटीवरचा क्रमांक दोनदा ताडून पाहतो आणि मगच पिशवीचे तोंड सोडतो. उपाशी वाफ्यात चुकून पडलेले पसाभर सुपर फॉस्फेट पुन्हा वेचून काढता येत नाही, हे तो जाणतो. त्याच्या या सावधपणावर साऱ्या प्रयोगाची इमारत उभी आहे, असे मी मानतो.

मला विशेष मोह पडला तो गंधकविरहित वाफ्याचा. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे १६ टक्के स्फुरद असते, आणि त्यासोबत ११ टक्क्यांच्या आसपास गंधकही जमिनीत जाते; डाय-अमोनियम फॉस्फेटमध्ये स्फुरद ४६ टक्के, परंतु गंधक जवळजवळ नाहीच. शेतकऱ्याने कमी गोण्यांत जास्त स्फुरद मिळते म्हणून दुसरे खत पत्करले, आणि जे गंधक त्याने कधी पैसे मोजून घेतलेच नव्हते, ते बंद झाल्याची नोंद त्याच्या हिशेबात कुठेही उमटली नाही. त्या न उमटलेल्या नोंदीचे दप्तर हा वाफा ठेवतो.

यास इतकी वर्षे कशाला, असे कोणी विचारील. हेक्टरभर रानाच्या वरच्या वीतभर थरात सुमारे वीस लाख किलो माती असते. तिच्यातील सेंद्रिय कर्ब एक दशांश टक्क्याने वाढावयाचा म्हणजे दोन हजार किलो कर्ब तेथे टिकावयास हवा, आणि वैशाखातले वऱ्हाडी ऊन तो सहजी टिकू देत नाही. पूर्ण खतमात्रेच्या जोडीला हेक्टरी पाच टन शेणखत मिळणारा वाफा उत्पन्नातही पुढे राहिला आणि कर्बातही, ही येथली साक्ष म्हणूनच मोलाची आहे. एका हंगामाने ती कधीच दिली नसती.

अडचणी मात्र दरसाल वाढत आहेत. भेगाळणारी काळी माती नांगराबरोबर धुरा ओलांडू पाहते. बैल गेले, तसे शेणखतही दुर्मीळ झाले, आणि वाफ्याने दिलेला निवाडा शेतकऱ्याच्या हाती पोहोचला तरी त्याची अंमलबजावणी करण्याजोगा उकिरडा त्याच्या दारी उरलेला नाही. सर्वांत बिकट गोष्ट म्हणजे कुंपणापलीकडे खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आहे. जो तो म्हणतो, ज्वारी आता पेरतो कोण, मग प्रयोग तरी कोणासाठी? हा प्रश्न खोटा नाही. पण त्याचे उत्तर येथले पीक बदलणे हे नव्हे; सोयाबीनचा प्रश्न सोयाबीनच्या प्रयोगाने सोडवावा, परभणीस २००६ पासून सोयाबीन-करडईचा तसा प्रयोग चालू आहेच. अकोल्याच्या मातीने ज्वारी-गव्हाखाली सोसलेल्या वर्षांचा धागा एकदा तुटला, तर पुढे कितीही पैसा मंजूर झाला तरी तो १९८८ पासून पुन्हा ओवता येणार नाही. म्हणून तरतुदीची कात्री ज्यांच्या हाती आहे त्यांनी या वाफ्यांना हात लावण्यापूर्वी एकदा तरी तेथे पेरणीच्या दिवशी उभे राहावे, एवढीच विनंती आहे.