स्मॉग

स्मॉग : (धुरके). मोठ्या शहरांवर धूर व धुके एकत्र येऊन बनणाऱ्या दूषित आवरणाची संज्ञा. ‘स्मोक’ (धूर) या इंग्रजी शब्दाचा आरंभ व ‘फॉग’ (धुके) याचा शेवट जोडून ती सिद्ध झाली आहे. सामान्य समासात दोन्ही पदे बहुधा अखंड राहतात. येथे दोन्ही मोडून एकजीव झाली आहेत. अशा शब्दांना लुइस कॅरल यांनी १८७१ मध्ये ‘पोर्टमँटो’ (दोन कप्प्यांची प्रवासी पेटी) हे नाव दिले.

शब्दाच्या जनकत्वाचा मान सामान्यतः हेन्री दे व्हू या वैद्यांना दिला जातो. ते लंडनमधील कोळशाच्या धुराविरुद्ध कार्य करणाऱ्या संस्थेचे कोषाध्यक्ष होते. जुलै १९०५ मध्ये तेथील सार्वजनिक आरोग्य परिषदेत वाचलेल्या निबंधात त्यांनी हा शब्द योजिला. तथापि १८८० नंतरच्या दशकातील वृत्तपत्रांतही तो आढळतो. तेव्हा दे व्हू यांनी तो घडविला असे म्हणण्यापेक्षा रूढ केला, असे म्हणणे अधिक युक्त होय. त्यांचे खरे कार्य वेगळेच आहे. धुके हा निसर्गाचा भाग, त्याला इलाज नाही, अशी लोकांची समजूत होती. नव्या शब्दाने त्यातील चुलींचा व धुराड्यांचा वाटा नावातच नोंदविला. १९०९ च्या शरद ऋतूत ग्लासगो व एडिंबरो येथे अशा धुरकट धुक्याने हजाराहून अधिक मृत्यू झाल्याचे त्यांनी १९११ मध्ये मँचेस्टरच्या परिषदेत मांडले. कायदा मात्र लांबला. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात लंडनवर धुरके साचून राहिले. त्यातील मृत्यू प्रथम सुमारे ४,००० मानले गेले. नंतरच्या अभ्यासांत हा अंदाज १२,००० पर्यंत गेला. त्यानंतर १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये शुद्ध हवा अधिनियम संमत झाला.

दरम्यान शब्दाचा अर्थ पालटला होता. लॉस अँजेल्स येथे १९४३ पासून जाणवू लागलेल्या, डोळे चुरचुरविणाऱ्या तपकिरी आवरणासही ‘स्मॉग’ म्हणू लागले. मोटारींच्या व तेल उद्योगांच्या उत्सर्गातील हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन निर्माण होतो, हे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखविले. अशा प्रकाशरासायनिक धुरक्यास धुक्याची गरज नसते. उलट ते स्वच्छ उन्हात वाढते. मराठी ‘धुरके’ हा शब्दही धूर व धुके यांवरूनच बनलेला असल्यामुळे इंग्रजी शब्दातील ही विसंगती मराठीतही आली आहे.