हनुवटी वर करून वाचणारी माणसं

सौंसरच्या बसस्थानकाजवळ असो की पांढुर्ण्याच्या तहसील कार्यालयाबाहेर, कोणत्याही ऑनलाइन सेंटरवर पाच मिनिटं उभं राहा आणि काउंटरपलीकडच्या माणसाची हनुवटी बघा. तरुण पोरगा असेल तर त्याचं डोकं सरळ असतं. पन्नाशीचा गृहस्थ असेल आणि डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, तर हनुवटी वर आणि मान मागे. समग्र आयडी काढताना, खसऱ्याची नक्कल छापताना, परीक्षेचा फॉर्म भरताना हा माणूस दिवसभर छताकडे तोंड करून बसल्यासारखा बसतो. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हापासून कामकाज वाढलं, टेबलं वाढली, संगणक वाढले आणि अशा हनुवट्याही वाढल्या. मला चष्म्याच्या काचांचं वेड जुनं आहे. त्यामुळे कामासाठी गेलो तरी माझी नजर आधी समोरच्याच्या चष्म्यावर आणि मग मॉनिटरखाली काय ठेवलंय त्याच्यावर जाते.

मॉनिटरखाली बहुधा काहीतरी ठेवलेलं असतंच. कुठे आडवा सीपीयू, कुठे जुनी रजिस्टरं, कुठे प्रिंटरचं खोकं. एका ओळखीच्या ऑपरेटरला विचारलं, तर म्हणाला, “दिसते जी सगळं. पण मान वर केल्याशिवाय नाही दिसत. संध्याकाळी मान अशी धरते का काही विचारू नका.” मग स्क्रीन इतकी उंच कशाला? तर म्हणे, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत पाहिजे, असं मोबाइलवर पाहिलं. सल्ला खोटा नाही, पण तो बिनचष्म्याच्या किंवा एकाच नंबरच्या माणसासाठी आहे. प्रोग्रेसिव्हवाल्याने तो जसाच्या तसा घेतला, की मान गेलीच म्हणून समजा.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग कडक होत जातं आणि जवळचं अक्षर धूसर होतं. त्यावर आधी साधा वाचनाचा चष्मा आला. मग अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनच्या नावाने ओळखला जाणारा दोन तुकड्यांचा बायफोकल आला. आपल्याकडचे चष्मेवाले ‘केटी’ आणि ‘डी’ म्हणतात ते त्याचेच वंशज. बायफोकलमध्ये दूरचं दिसतं, जवळचं दिसतं, मधलं मात्र हरवतं. आणि संगणक नेमका मध्येच असतो.

आता माझ्या आवडीचा भाग. फ्रान्समधला बर्नार्ड मेतेनाझ नावाचा तरुण अभियंता. वडिलांचा बायफोकल डोळ्यांवर चढवून पाहिला आणि मधली उडी त्याला खुपली, असं सांगतात. वरून खाली नंबर हळूहळू वाढत जाईल अशी एकसंध काच, म्हणजेच प्रोग्रेसिव्ह, त्याने बनवली, आणि १९५९ मध्ये ती ‘व्हॅरिलक्स’ नावाने बाजारात आली. वरच्या भागात दूरचा नंबर, तळाशी वाचनाचा, आणि दोहोंना जोडणारी मधली पट्टी. या पट्टीला धंद्यात कॉरिडॉर म्हणतात. संगणक या पट्टीतूनच बघायचा असतो.

पट्टी किती रुंद? याचं उत्तर १९६३ मध्ये मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञाने देऊन ठेवलं आहे, आणि मला ते चष्म्याच्या साऱ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटतं. खाली उतरताना नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला अस्पष्टपणा वाढतो. कंपनी कोणती, काच किती महाग, याने हा नियम मोडत नाही. चांगला डिझायनर तो धूसरपणा शहाणपणाने पसरवतो, पण नाहीसा करू शकत नाही. म्हणजे हा कॉरिडॉर पावसाळ्यातल्या शेताच्या धुऱ्यासारखा आहे. नीट पावलं टाकत गेलात तर कोरडे राहाल, जरा बाजूला सरकलात की चिखल.

आकडे घालून पाहू. हिशेब ढोबळ आहे, पण डोळे उघडणारा आहे. समजा जवळच्या कामाची जादा पॉवर, म्हणजे ॲड, +२.०० आहे आणि कॉरिडॉर १४ मिलिमीटरचा. म्हणजे दर मिलिमीटरला एक सप्तमांश डायॉप्टरने नंबर वाढतो आणि बाजूला त्याच्या दुप्पट वेगाने धूसरपणा. अर्धा डायॉप्टर धूसरपणा चालवून घेतला, तर वापरण्याजोगी रुंदी साडेतीन मिलिमीटर भरते. डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो तो काचेपासून साधारण २७ मिलिमीटर मागे असतो. स्क्रीन ६५ सेंटिमीटरवर असेल, तर काचेवरचे हे साडेतीन मिलिमीटर स्क्रीनवर साडेआठ सेंटिमीटर होतात. २४ इंची स्क्रीनची रुंदी ५३ सेंटिमीटर! म्हणून नुसते डोळे कोपऱ्यात फिरवून चालत नाही, नाक त्या ओळीकडे वळवावं लागतं. बाहुलीपेक्षा चेहरा जास्त फिरवायचा. नवीन चष्म्याची सवय होणं म्हणतात ते बरंचसं हेच.

उंचीचं गणितही असंच. संगणकासाठी लागणारी पॉवर बाहुलीच्या रेषेपासून साधारण ४ ते १० मिलिमीटर खाली मिळते. त्याच प्रमाणाने हा भाग स्क्रीनवर नजरेच्या सरळ रेषेपासून सुमारे १० ते २४ सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे मान सरळ ठेवून स्वच्छ दिसणारी पट्टी जेमतेम १४-१५ सेंटिमीटर उंच, आणि २४ इंची मॉनिटर ३० सेंटिमीटर उंच. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणली, तर वरच्या ओळी काचेच्या दूरच्या नंबरातून बघाव्या लागतात आणि त्या धूसर दिसतात. मग माणूस नकळत हनुवटी उचलतो. गंमत म्हणजे लॅपटॉपच्या स्टँडची आज फॅशन आहे, पण १४ इंची लॅपटॉपची साडेसतरा सेंटिमीटरची बुटकी स्क्रीन टेबलावर तशीच असली, तर मान किंचित झुकवली की प्रोग्रेसिव्हच्या पट्टीत जवळजवळ पूर्ण बसते. फक्त कीबोर्ड हाताशी आणि स्क्रीन थोडी लांब हवी, म्हणून वेगळा कीबोर्ड घ्या. स्टँड मात्र तरुण भाच्याला देऊन टाका.

मॉनिटर किती खाली घ्यायचा, याबद्दल मेयो क्लिनिकचा सल्ला बायफोकलवाल्यांसाठी इंच-दोन इंच जास्त खाली असा आहे. ॲड मोठी असेल तर माझ्या मते त्याहूनही थोडं खाली न्यायला हरकत नाही, पण आकड्यांच्या मागे लागण्यापेक्षा एक घरगुती चाचणी करावी. नेहमीच्या खुर्चीत बसा, चष्मा नाकावर नीट चढवा आणि समोरच्या भिंतीकडे सरळ बघा. मॉनिटरच्या अंतरावर दुसऱ्या कुणाला पेपरचं पान धरायला सांगा आणि डोळ्यांच्या पातळीपासून हळूहळू खाली उतरवायला सांगा. मान जागची हलवायची नाही, नजर मात्र पानामागोमाग खाली जाऊ द्यायची. बारीक अक्षर जिथे सर्वांत स्वच्छ दिसलं, तिथली उंची टेपने मोजून घ्या. स्क्रीनचा मध्य तिथे असला पाहिजे. वरची कड थोडी मागे झुकवली की छताच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तपासा. झुकवण्याचा हाच एक तोटा आहे.

आता अडचण अशी, की आपल्याकडचे बहुतेक मॉनिटर ठरीव स्टँडवर बसलेले, खाली घ्यायला वाव नाही. वर टेबलही पिढीजात आणि उंच. अशा वेळी स्क्रीन उतरत नसेल तर आपण चढावं. खुर्ची उंच करा आणि पायाखाली लाकडी पाट घ्या. रजिस्टरं काढून पाट पायाखाली सरकवलेलं एक टेबल मी पाहिलं आहे. तिथला बाबू आता समोरच्या माणसाकडे बघून बोलतो.

खरा शत्रू मात्र घाम. इथला उन्हाळा नागपूरचाच सख्खा भाऊ. घामाने चष्मा नाकावरून ३ मिलिमीटर जरी घसरला, तरी वरच्याच गणिताने तुमची संगणकाची पट्टी स्क्रीनवर ७ सेंटिमीटर खाली जाते. सकाळी ठीक असलेली मान दुपारी का दुखते, याचं निम्मं उत्तर इथे आहे. नोजपॅड आवळून घ्यायला आणि कानामागे रबरी कड्या लावायला खर्च असा काही लागत नाही. पण माणसं काचेवर हजारो घालतात आणि फ्रेम मात्र कधीच आवळून घेत नाहीत.

काचेविषयी आणखी एक. प्रोग्रेसिव्ह काच उजेडात तिरकी धरून वाफ सोडा. दोन बाजूंना अगदी पुसट खुणा दिसतील, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली ॲडचा आकडा कोरलेला असतो. चिठ्ठीत लिहिलेलं आणि काचेवर कोरलेलं जुळतं का, ते दुकानातच पाहा. चष्मेवाल्याने तुमच्या डोळ्यांवर फ्रेम ठेवून स्केचपेनने बाहुलीची खूण केली नसेल, तर फिटिंगची उंची त्याने अंदाजाने धरली आहे. अशा दुकानातून मी उठून येतो. आणि हो, कॉरिडॉरला उंची लागते. अगदी बुटकी फ्रेम घेतली की कॉरिडॉर छोटा होतो, नंबर भराभर वाढतो आणि मिंकविट्झचा चिखल दोन्ही बाजूंनी जवळ येतो.

प्रोग्रेसिव्ह सगळ्यांनी टाकून द्यावा, असं माझं म्हणणं नाही. दिवाळीच्या आसपास आंबिया बहाराची संत्री निघू लागली, की संत्र्याच्या व्यापाऱ्याला गाडी, काटा, मोबाइल आणि हिशेबाची वही हे सगळं एका मिनिटात बघावं लागतं. त्याला प्रोग्रेसिव्हसारखं दुसरं काही नाही. काउंटरवर माणूस, कागद, स्क्रीन असं आलटून-पालटून बघणाऱ्यालाही तोच बरा. पण सलग चार-पाच तास नोंदी भरणाऱ्याने संगणकासाठी वेगळा चष्मा करावा, हे माझं ठाम मत. तो महाग नसतो, साध्या एकनंबरी काचेचा होतो. दूरचा नंबर −१.०० आणि ॲड +२.०० असेल, तर निम्मी ॲड मिळवून संगणकाचा नंबर साधारण शून्य येतो. नेमका नंबर तपासणाऱ्याने अंतर पाहून ठरवायचा. पूर्ण काच एकाच अंतराची असल्यामुळे कॉरिडॉरची भानगड नाही, त्या अंतरावर स्क्रीन कितीही वर-खाली असली तरी चालते. तो घालून गाडी मात्र चालवायची नाही.

मान दुखते म्हणून तेलं, पट्टे आणि गोळ्या घेण्याआधी मॉनिटरखालचं खोकं काढा. आणि पुढच्या वेळी डोळे तपासायला जाल, मग ते सौंसरला असो की नागपूरच्या सीताबर्डीला, घरून निघण्याआधी डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजा, चिठ्ठीवर लिहा आणि तपासणाऱ्याच्या हातात द्या.