एमपी४ फाइल आहे, तरी टाइमलाइनवर का येत नाही?

फोनवर व्यवस्थित चालणारा व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये घेतला की कधी नुसता आवाज येतो, कधी काळी चौकट. मग अनेकजण फाइलच्या नावातलं एक्स्टेन्शन बदलून पाहतात. त्यानं काहीही साधत नाही.

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही हे नुसते डबे. आत चित्र कोणत्या कोडेकमध्ये, म्हणजे दाबून साठवण्याच्या कोणत्या पद्धतीत आहे, ते महत्त्वाचं. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन ७ आणि पुढचे फोन एचईव्हीसी या कोडेकमध्ये चित्रण करू लागले. जुन्या संगणकांची तिथेच दमछाक होते. लिनक्सवर तर दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती सर्रास वापरलं जाणारं एच.२६४ हे कोडेकसुद्धा उघडत नाही.

म्हणून आधी फाइल मीडियाइन्फो या मोफत साधनात टाकावी. ‘फ्रेम रेट मोड’पुढे ‘व्हेरिएबल’ दिसलं, तर फाइल आत येईलही, पण आवाज ओठांच्या मागेपुढे सरकू शकतो. हँडब्रेक या रूपांतराच्या साधनात ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून ती पुन्हा बनवावी. अडचण फक्त एमकेव्हीची असेल, तर एफएफएमपेग हे साधन चित्राला हात न लावता डबा बदलून देतं.

सगळ्यात चिवट दुखणं म्हणजे बॅटरी संपून मध्येच तुटलेलं रेकॉर्डिंग. एमपी४ची अनुक्रमणिका, म्हणजे ‘मूव्ह ॲटम’, बहुतेकदा रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहिली जाते. ती नसेल तर कित्येक जीबींची फाइलही उघडत नाही. अनट्रंक हे साधन त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक धडधाकट फाइल नमुना म्हणून घेतं आणि अनुक्रमणिका नव्यानं बांधायचा प्रयत्न करतं. तोवर मेमरी कार्ड अजिबात फॉरमॅट करू नये.