ज्येष्ठ खेळाडू, पगाराचा भार आणि कॉनी मॅक यांचा संघ

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये एखाद्या संघाने आपला मोठ्या पगाराचा ज्येष्ठ खेळाडू केवळ पगाराचा भार हलका करण्यासाठी दुसऱ्या संघाला द्यावा की नाही, हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा विचारला जात आहे. अशा व्यवहारात बदल्यात मिळणारे खेळाडू बहुतेकदा नवखे किंवा दुय्यम असतात आणि खरी प्राप्ती असते ती पुढील काही वर्षांच्या पगाराच्या देण्यातून होणारी सुटका. तेथील क्रीडापत्रकार अशा व्यवहाराला ‘सॅलरी डम्प’, म्हणजे पगाराचे ओझे दुसऱ्याच्या दारात टाकणे, असे म्हणतात. एकाच प्रकारच्या अशा व्यवहारातून कधी विश्वविजेता संघ उभा राहिलेला दिसतो, तर कधी एखादे शहर पिढ्यान्‌पिढ्या विजेतेपदाला मुकलेले दिसते. हा फरक कशामुळे पडतो, याचे उत्तर खेळाडूच्या वयापेक्षा वाचलेला पैसा पुढे कोठे गेला, या हिशेबात अधिक नेमकेपणाने सापडते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९७५ पर्यंत करारांतील ‘रिझर्व्ह क्लॉज’ या कलमामुळे खेळाडू जवळजवळ आयुष्यभर एकाच क्लबला बांधलेला असे आणि त्याला विकण्याचा किंवा बदलण्याचा हक्क क्लबचा असे. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅक्नॅली या पिचरांच्या, म्हणजे चेंडूफेक करणाऱ्या खेळाडूंच्या, बाजूने निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडूला मुक्तपणे बाजारात उतरता येऊ लागले. करार दीर्घ मुदतीचे आणि हमीचे झाले. म्हणजे खेळाडू जखमी झाला किंवा त्याचा खेळ उतरला, तरी ठरलेला पगार द्यावाच लागतो. आयपीएलसारखी खर्चावर ठाम कमाल मर्यादा येथे नाही. आयपीएलमध्ये ती असल्यामुळे मुंबई इंडियन्सला नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत घेताना कॅमेरून ग्रीनला बंगळूरच्या संघाकडे द्यावे लागले. बेसबॉलमध्ये मर्यादेऐवजी कर आहे. २०२५ मध्ये संघाचा पगारखर्च २४ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेला, तर वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० टक्के आणि तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के कर बसे, शिवाय फार मोठ्या खर्चावर वेगळा अधिभार असे. या कराच्या भीतीने श्रीमंत संघही पगार कमी करण्याचा विचार करतात.

मात्र या प्रश्नाचे मूळ रूप पाहायचे असेल, तर कर आणि लवाद यांच्याही आधीच्या काळात, फिलाडेल्फियातील ॲथलेटिक्स संघाकडे जावे लागते. कारण संघाचे आधारस्तंभ पैशासाठी विकण्याचा प्रयोग एकाच माणसाने, एकाच शहरात, दोनदा केल्याचे इतके पूर्ण उदाहरण या खेळाच्या इतिहासात दुसरे नाही. तो माणूस म्हणजे कॉनी मॅक. १८६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्मलेल्या मॅक यांचे मूळ नाव कॉर्नेलियस मॅकगिलिकडी होते. १९०१ ते १९५० अशी सलग पन्नास वर्षे ते ॲथलेटिक्सचे मॅनेजर, म्हणजे सामन्यातील सर्व निर्णय घेणारे प्रमुख, होते. इतर मॅनेजर संघाच्या गणवेशात बसत असताना मॅक सूट, ताठ कॉलर आणि टाय अशा पोशाखात बसत आणि हातातील धावफलकाच्या कागदाने खूण करून क्षेत्ररक्षकांना जागा बदलायला सांगत. ते केवळ पगारी नोकर नव्हते. क्लबच्या मालकीतही त्यांचा मोठा वाटा होता, आणि पुढे जे घडले त्याची गुरुकिल्ली या दुहेरी भूमिकेतच आहे.

मॅक यांच्या संघाने १९१०, १९११ आणि १९१३ मध्ये ‘वर्ल्ड सिरीज’ ही अंतिम मालिका जिंकली. स्टफी मॅकइनिस, एडी कॉलिन्स, जॅक बॅरी आणि फ्रँक ‘होम रन’ बेकर या चौघांची आतली क्षेत्ररक्षक फळी ‘एक लाख डॉलरची फळी’ म्हणून ओळखली जाई. १९१४ मध्येही संघ अंतिम मालिकेत पोहोचला. परंतु बॉस्टन ब्रेव्ह्ज या दुबळ्या समजल्या गेलेल्या संघाने त्यांना सलग चार सामन्यांत हरवले. त्याच वर्षी ‘फेडरल लीग’ या नव्या प्रतिस्पर्धी संघटनेने मोठ्या पगारांची आमिषे दाखवून प्रस्थापित संघांचे खेळाडू ओढण्यास सुरुवात केली होती. त्या स्पर्धेत पगार वाढवत राहणे परवडणार नाही, असा निष्कर्ष मॅक यांनी काढला. डिसेंबर १९१४ मध्ये कॉलिन्सला ५० हजार डॉलरना शिकागोच्या व्हाइट सॉक्सला विकण्यात आले. एडी प्लँक आणि चीफ बेंडर हे अनुभवी पिचर फेडरल लीगमध्ये गेले. बॅरी बॉस्टनच्या रेड सॉक्सकडे गेला. पगारावरून भांडण झाल्यामुळे बेकर १९१५ चा संपूर्ण हंगाम घरी बसला आणि पुढे न्यूयॉर्कच्या यांकीजला विकला गेला.

परिणाम इतका झटपट झाला, की आकडे वाचताना आजही विश्वास बसत नाही. १९१४ मध्ये ९९ सामने जिंकणारा संघ १९१५ मध्ये ४३ सामने जिंकून १०९ हरला, आणि १९१६ मध्ये तर ३६ विजयांविरुद्ध ११७ पराभव अशी अवस्था झाली. १९१५ ते १९२१ अशी सलग सात वर्षे संघ तळाशी राहिला. याउलट बॅरी गेला तो बॉस्टनचा संघ १९१५ आणि १९१६ मध्ये विजेता ठरला, तर कॉलिन्सच्या व्हाइट सॉक्सने १९१७ मध्ये विजेतेपद मिळवले. विकलेल्या खेळाडूंच्या अंगात अजून किती खेळ शिल्लक होता, याचा याहून स्पष्ट पुरावा असू शकत नाही.

मॅक यांनी दहा-बारा वर्षे खपून दुसरा महान संघ उभा केला. जिमी फॉक्स, अल सिमन्स, कॅचर मिकी कॉक्रन आणि डावखुरा पिचर लेफ्टी ग्रोव्ह यांच्या या संघाने १९२९ आणि १९३० मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली आणि १९३१ मध्ये १०७ सामने जिंकून पुन्हा अंतिम मालिका गाठली. त्या वर्षी ग्रोव्हने ३१ सामने जिंकून दिले आणि केवळ ४ गमावले. हा संघ ज्या शाइब पार्कमध्ये खेळत असे, ते १९०९ मध्ये पोलाद आणि काँक्रीटमध्ये बांधलेले, दर्शनी भागी घुमटाचा मनोरा असलेले अत्यंत देखणे मैदान होते. उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे विसाव्या रस्त्यावरील घरांची रांग होती आणि घरमालक आपल्या गच्चीवर बाके टाकून, पैसे घेऊन लोकांना सामना दाखवत. पुढे १९३५ मध्ये, तिकिटाचा प्रत्येक डॉलर मोलाचा झाला तेव्हा, क्लबने ती भिंत पन्हळी पत्र्यांनी उंच करून गच्चीवरील प्रेक्षकांची दृष्टी अडवली. फिलाडेल्फियात त्या भिंतीला आकसाची भिंत म्हणत. ज्या शेजाऱ्यांनी पंचवीस वर्षे या संघावर जीव टाकला, त्यांच्यासमोरच पत्रा उभा राहिला, आणि विशेष म्हणजे तोपर्यंत पाहण्यासारखे बहुतेक खेळाडू मैदानात उरले नव्हते. आज लेहाय रस्ता आणि एकविसावा रस्ता यांच्या चौकात त्या मैदानाच्या जागी एक चर्च आहे. बेसबॉलवर प्रेम करणाऱ्या कोणीही फिलाडेल्फियाला गेल्यास त्या चौकापर्यंत अवश्य जावे.

दुसऱ्या विघटनाची कारणे पहिल्यापेक्षा खरी आणि कठोर होती. महामंदीमुळे १९२९ मध्ये सुमारे ८ लाख ३९ हजार असलेली प्रेक्षकसंख्या १९३३ मध्ये ३ लाखांच्याही खाली आली. पेनसिल्व्हेनियातील जुन्या कायद्याने रविवारी सामने खेळण्यास १९३३ अखेरपर्यंत मनाई असल्याने, कामगार वस्तीतील प्रेक्षकाला मोकळा असलेला एकमेव दिवस क्लबच्या उपयोगाचा नव्हता. वर बँकेच्या कर्जाचा तगादा होता. १९३२ मध्ये सिमन्सला दोन सहकाऱ्यांसह एक लाख डॉलरना शिकागोला देण्यात आले. डिसेंबर १९३३ मध्ये कॉक्रन एक लाख डॉलरना डेट्रॉइटला, तर ग्रोव्ह दोन सहकाऱ्यांसह सव्वा लाख डॉलरना बॉस्टनला गेला. आणि डिसेंबर १९३५ मध्ये फॉक्सही दीड लाख डॉलरच्या व्यवहारात बॉस्टनलाच गेला.

ग्रोव्ह त्या वेळी तेहेतीस वर्षांचा होता, म्हणजे आजच्या कोणत्याही हिशेबाने उतरणीला लागलेला ज्येष्ठ पिचर. तरीही त्याने बॉस्टनसाठी आणखी १०५ सामने जिंकून दिले आणि कारकिर्दीतील ३०० विजय पूर्ण केले. कॉक्रनने डेट्रॉइटमध्ये खेळाडू आणि मॅनेजर अशा दोन्ही नात्यांनी १९३५ ची वर्ल्ड सिरीज जिंकली. फॉक्सने १९३८ मध्ये ५० होम रन मारले. इकडे ॲथलेटिक्स १९३५ ते १९४६ या बारा हंगामांत नऊ वेळा तळाशी राहिला, फिलाडेल्फियात पुन्हा कधीही विजेता झाला नाही आणि १९५४ च्या हंगामानंतर शहर सोडून कॅन्सस सिटीला गेला. मॅक यांच्यावर कर्ज होते हे खरे. परंतु आलेले लाखो डॉलर देणी भागवण्यात संपले आणि त्यातून पुढचा ग्रोव्ह किंवा पुढचा फॉक्स घडला नाही, हेही तितकेच खरे. क्लब तगला, पण तो ज्यासाठी होता तो खेळ संपला.

१९६८ मध्ये हाच क्लब ओकलंडला गेला आणि १९७२ ते १९७४ अशी सलग तीन विजेतेपदे त्याने मिळवली, तेव्हा मालक चार्ली फिन्ली यांनी मॅक यांचाच मार्ग धरला. जून १९७६ मध्ये त्यांनी व्हायडा ब्लूला दीड दशलक्ष डॉलरना यांकीजला आणि जो रूडी व रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी एक दशलक्ष डॉलरना बॉस्टनला विकले. बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांनी खेळाच्या हिताचे कारण देऊन हे व्यवहार रद्द केले. त्या हंगामानंतर रूडी आणि फिंगर्स मुक्त खेळाडू म्हणून निघून गेले, आणि १९७७ मध्ये ओकलंडचा संघ त्याच वर्षी जन्मलेल्या सिॲटलच्याही खाली राहिला.

त्याच १९७७ च्या १५ जूनला न्यूयॉर्क मेट्सने टॉम सीव्हर या आपल्या सर्वश्रेष्ठ पिचरला पगाराच्या वादातून चार खेळाडूंच्या बदल्यात सिनसिनाटीला पाठवले. सलग तीन हंगाम मेट्स आपल्या गटात तळाशी राहिले आणि १९७० मध्ये सुमारे २७ लाख असलेली प्रेक्षकसंख्या १९७९ मध्ये ८ लाखांच्या आत आली. पगारात वाचले त्याच्या कितीतरी पट तिकीटखिडकीवर गेले. लोक संघाबरोबरच माणसांसाठीही मैदानात येतात, हे व्यवस्थापनाच्या हिशेबात धरलेले नव्हते.

तरीही पगारमुक्तीचा प्रत्येक व्यवहार वाईट असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. २५ ऑगस्ट २०१२ रोजी बॉस्टन रेड सॉक्सने एड्रियन गोन्झालेझ, कार्ल क्रॉफर्ड आणि जॉश बेकेट या तिशी ओलांडलेल्या वा गाठलेल्या खेळाडूंना निक पुंटोसह लॉस एंजेलिस डॉजर्सकडे दिले आणि २५ कोटी डॉलरहून अधिक पगाराचे देणे त्यांच्याबरोबर गेले. त्या हंगामात बॉस्टनने ९३ सामने गमावले. परंतु हिवाळ्यात मोकळा झालेला पैसा शेन व्हिक्टोरिनो, माइक नापोली, कोजी उएहारा अशा मध्यम दराच्या, कमी मुदतीच्या करारांवर लावण्यात आला. २०१३ मध्ये संघाने ९७ सामने जिंकले आणि १९१८ नंतर प्रथमच आपल्या घरच्या फेनवे पार्क मैदानात वर्ल्ड सिरीज जिंकली. मॅक यांच्या व्यवहारात आणि या व्यवहारात मूळ फरक एवढाच, की बॉस्टनमध्ये वाचलेला पैसा संघातच परत आला.

याच बॉस्टनने फेब्रुवारी २०२० मध्ये उलट धडाही दिला. डेव्हिड प्राइस या ज्येष्ठ पिचरचा जड करार घेण्यास दुसरा संघ तयार व्हावा, म्हणून त्याच्याबरोबर अवघ्या सत्तावीस वर्षांच्या मुकी बेट्सलाही डॉजर्सकडे देण्यात आले, आणि वर प्राइसच्या उरलेल्या पगाराचा निम्मा वाटा बॉस्टननेच उचलला. बेट्सने त्याच वर्षी डॉजर्सना विजेतेपद मिळवून दिले आणि तेथे बारा वर्षांचा करार केला. बॉस्टन मात्र गटात तळाशी गेला. नकोसा करार खपवण्यासाठी हवासा खेळाडू जोडून देणे ही या प्रकारातील सर्वांत महागडी चूक होय.

करार हलवताना खेळाडूच्या हक्कांचाही विचार करावा लागतो. दहा वर्षांची सेवा आणि त्यातील शेवटची पाच वर्षे एकाच क्लबमध्ये झालेल्या खेळाडूला बदली नाकारण्याचा अधिकार आहे. १९७३ मध्ये रॉन सँटो याने तो प्रथम वापरून कॅलिफोर्नियाला जाण्यास नकार दिला. वर्षानुवर्षे एका गावासाठी राबलेल्या माणसाला मालासारखे हलवता येऊ नये, हा या नियमामागचा विचार सर्वथा योग्य आहे.

या सर्व उदाहरणांवरून निर्णयाचे तीन निकष मांडता येतात. वाचणारा पैसा कोणत्या खेळाडूंवर आणि कोणत्या हंगामात खर्च होणार, हे व्यवहारापूर्वी ठरलेले असावे; करार खपवण्यासाठी तरुण गुणवत्ता जोडून द्यावी लागत असेल, तर व्यवहार सोडून द्यावा; आणि ज्या खेळाडूमुळे लोक मैदानात येतात, त्याची किंमत केवळ धावा आणि विजयांत मोजू नये. हे तिन्ही निकष पूर्ण होत असतील, तर ज्येष्ठ खेळाडूला सन्मानाने निरोप देणे हे कणखर आणि शहाणे व्यवस्थापन ठरते. ते होत नसतील, तर संघाने पगार द्यावा आणि खेळाडू ठेवावा.